लग्नाला चाललोय म्हणा : खासगी बसचा परवाना आणि ड्रायव्हरचं लायसन



आज सुरुवात सेंधव्याच्या नाक्यापासून करतो. इंदूरहून पुण्याला रात्रीच्या बसने गेलेल्यांना हा नाका सांगायला नको. आग्रा-मुंबई रस्त्यावर मध्य प्रदेश संपता संपता हे गाव लागतं, आणि पुढे बिजासन घाट ओलांडला की महाराष्ट्र.

१९९६ सालचा मे महिना. मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत मामाकडे पुण्याला निघालो होतो. खासगी ट्रॅव्हल्सची गाडी, पस्तीसेक माणसं. कोणी परीक्षेला, कोणी दवाखान्याच्या कामाला, कोणी लेकीकडे निघालेलं. एकमेकांची ओळख नाही, आणि प्रत्येकाने आपापलं तिकीट स्वतंत्र काढलेलं. नाक्याचे दिवे दिसायला लागले तसा क्लीनर मधल्या वाटेत उभा राहिला आणि म्हणाला, "साहब लोग पूछें तो बोलना, शादी में जा रहे हैं."

माझ्या पुढच्या सीटवर एक आजी होत्या. त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "कोणाच्या रे बाबा?"

अख्खी गाडी हसली. ड्रायव्हर कागद घेऊन खाली उतरला, पाच मिनिटांनी परत आला आणि गाडी सुटली. आम्हाला कोणी काही विचारलं नाही.

तेव्हा मीही हसलो होतो. पुढे मोटार वाहन कायद्याचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं की क्लीनरचं ते वाक्य म्हणजे नुसती थाप नव्हती. पस्तीस अनोळखी माणसांनी एका लग्नाचं वऱ्हाड व्हावं अशी गरज कायद्यानेच तयार केली होती. ती का आणि कोणासाठी तयार झाली, हा आजचा विषय.

आधी दोन शब्द समजून घेऊ. आपल्या कायद्यात प्रवासी बसचे मुख्य प्रकार दोन. पहिला टप्पा वाहतुकीचा. ही गाडी ठरलेल्या मार्गावर धावते, वाटेत थांबे घेते, माणसं चढतात-उतरतात आणि प्रत्येकजण आपल्या अंतराचं भाडं देतो. एसटी हे त्याचं ठळक उदाहरण. दुसरा प्रकार कंत्राटी वाहतुकीचा. इथे कोणीतरी अख्खी गाडी ठरवतो, सगळ्यांचा मिळून एकच करार असतो, आणि वाटेत नवा प्रवासी घ्यायचा नसतो. लग्नाचं वऱ्हाड, शाळेची सहल, यात्रा. आमच्या त्या गाडीकडे परवाना होता दुसऱ्या प्रकारचा आणि ती धंदा करत होती पहिल्या प्रकारचा. म्हणून ते लग्न.

ही विभागणी आली कुठून, त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊ.

भारतभर लागू होणारा पहिला मोटार कायदा १९१४ चा. त्यात मुख्य गोष्टी दोन : गाडीची नोंदणी करा आणि चालवणाऱ्याने लायसन घ्या. कोणत्या मार्गावर कोणी बस चालवायची, याचा आजच्यासारखा बंदोबस्त त्यात नव्हता. मुंबई शहरात ट्रामवाल्या बेस्ट कंपनीने १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस सोडली. पण शहराबाहेर, तालुक्यातालुक्याला जोडणाऱ्या रस्त्यांवर 'सर्व्हिस मोटारी' होत्या. एखाद्याने कर्ज काढून गाडी घ्यायची, वर लाकडी सांगाडा चढवायचा आणि स्वतःच चालवायची.

माझे आजोबा मूळचे सातारा जिल्ह्यातले, नोकरीसाठी इंदूरला आलेले. ते या सर्व्हिस मोटारींच्या गोष्टी सांगायचे. गाडी सुटायची वेळ ठरलेली नसे. गाडी भरली की ती सुटायची. पुढच्या गावात दुसऱ्याची मोटार उभी दिसली की दोघांची शर्यत लागायची. भाडं माणूस बघून ठरायचं. युद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना तेव्हा गाडीच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवलेली असायची, आणि घाटात गाडी दमली की पुरुष मंडळींनी उतरून ढकलायची. आजोबा हे रंगवून सांगायचे, पण शेवटी एक वाक्य हमखास असायचं, "पोहोचलो की देवाला नारळ."

म्हणजे नियमन हवं होतं, यात वाद नाही. प्रश्न एवढाच, की ते आलं कोणाच्या तक्रारीवरून?

१९२७ मध्ये सरकारने रस्ते विकास समिती नेमली. अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर जादा कर बसला आणि त्या पैशातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. रस्ते सुधारायला लागले तशा मोटारी वाढल्या, आणि त्याच सुमारास जागतिक मंदी आली. रेल्वेचं उत्पन्न घसरलं. रेल्वेत सरकारचा प्रचंड पैसा गुंतलेला होता. रुळांना समांतर रस्त्यावर धावणारी बस आता सरकारला डोळ्यात सलायला लागली. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना रेल्वे-रस्ता स्पर्धेचा अभ्यास करायला सांगितलं गेलं. त्यांचा अहवाल आणि सिमल्याची रेल्वे-रस्ता परिषद या दोन्ही गोष्टी १९३३ च्या. मग १९३६-३७ मध्ये रेल्वेची प्रकृती तपासायला वेजवुड समिती आली. तिनेही रस्त्यावरच्या स्पर्धेला लगाम घालायला सांगितलं.

या सगळ्याचं फळ म्हणजे १९३९ चा मोटार वाहन कायदा. आज आपण ज्याला आरटीओच्या व्यवहाराची भाषा म्हणतो, ती बहुतेक या कायद्यातून आली. परवाना, परवान्यावर लिहिलेला मार्ग, टप्पा आणि कंत्राटी हा भेद, परवाना देणारी प्रादेशिक प्राधिकरणं. कायद्याने प्रांतिक सरकारांना सांगितलं की नियंत्रण ठेवताना रेल्वे आणि रस्ता यांचा मेळ घाला, आणि मोटारींची आपसातली परवडणार नाही अशी स्पर्धा रोखा. प्रवाशाची सोय, रस्त्याची झीज हेही त्यात होतं, नाही असं नाही. पण कायदा आणायला निकड लावली ती रेल्वेच्या तोट्याने.

याच कायद्याचं एक दुसरं अंग होतं, ते लक्षात ठेवा, त्याकडे आपण परत येणार आहोत. ड्रायव्हरबद्दलच्या तरतुदी. प्रवासी किंवा मालवाहू गाडी चालवायला किमान वय २० वर्षं. सलग ५ तास गाडी चालवली की अर्धा तास विश्रांती. दिवसाला ९ तास, आठवड्याला ५४ तास, त्याहून जास्त काम नाही. हे १९३९ साली लिहिलेलं आहे. अपघातात तिसऱ्या माणसाला भरपाई मिळावी म्हणून विम्याची सक्तीही याच कायद्यात होती. ती प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून लागू झाली.

मग स्वातंत्र्य आलं, आणि रेल्वेची जागा राज्याने घेतली.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी धावली. महाराष्ट्रातल्या माणसाला या तारखेचं कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. गाडी भरो न भरो, वेळेवर सुटणार आणि ठरलेलं भाडं घेणार, ही खेड्यातल्या माणसासाठी केवढी मोठी गोष्ट! पण प्रत्येक मार्गावर एसटी येताना कोणाची तरी सर्व्हिस मोटार त्या मार्गावरून गेली. हे देशभर झालं, आणि देशभर बसमालक कोर्टात गेले.

उत्तर प्रदेशात बुलंदशहर-दिल्ली मार्गावरच्या मालकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. सगीर अहमद खटला म्हणून तो ओळखला जातो. निकाल १९५४ चा. न्यायालय म्हणालं, सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवण्याचा हक्क सगळ्यांचा आहे; सरकार त्याचं नियमन करू शकतं, पण रस्ता काही सरकारची खासगी मालमत्ता नाही. सरकारला मक्तेदारीची मुभा देणारी पहिली घटनादुरुस्ती १९५१ च्या जूनमधली होती आणि उत्तर प्रदेशचा कायदा तिच्या आधीचा. म्हणून तो टिकला नाही. यावर १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यातच नवं प्रकरण घातलं गेलं. राज्याच्या परिवहन संस्थेने योजना जाहीर करायची, हरकती ऐकायच्या, मग त्या मार्गावरून खासगी गाड्या पूर्ण किंवा अंशतः बंद करायच्या.

आता 'हरकती ऐकायच्या' हे दोन शब्द किती महागात पडू शकतात, ते आंध्र प्रदेशात दिसलं. कृष्णा जिल्ह्यातल्या मालकांच्या हरकती ऐकल्या खात्याच्या सचिवाने आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्याने. नोव्हेंबर १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही योजना रद्द केली. एकाने ऐकायचं आणि दुसऱ्याने ठरवायचं, ही सुनावणी नव्हे, असं त्याचं म्हणणं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना गुल्लपल्ली नागेश्वर राव हा खटला आजही शिकवतात. तो मुळात बसच्या मार्गाचा खटला आहे, हे मात्र बरेचजण विसरतात.

त्याहून मोठा धक्का १९६४ चा. या वेळी मार्ग कर्नूल जिल्ह्यातले. मालकांचा आरोप असा की राष्ट्रीयीकरणात आमच्या जिल्ह्याचा नंबर मुद्दाम वर आणला, कारण आम्ही मुख्यमंत्र्यांचे राजकीय विरोधक आहोत. मुख्यमंत्री होते नीलम संजीव रेड्डी. त्यांनी स्वतःचं प्रतिज्ञापत्र दिलं नाही. न्यायालयाने आरोप खोडले गेले नाहीत असं धरून योजना रद्द केली. महिनाभरात संजीव रेड्डींनी मुख्यमंत्रिपद सोडलं. पुढे १९७७ मध्ये ते देशाचे राष्ट्रपती झाले, हा इतिहासाचा पुढचा भाग. पण एका बसच्या परवान्यावरून मुख्यमंत्र्याची खुर्ची जावी, यावरून त्या कागदाला किती वजन आलं होतं, हे कळतं.

टप्प्याचे परवाने असे बंद होत गेले. मग खासगी मालकाला जी दुसरी वाट उरली होती ती कंत्राटी परवान्याची. अख्खी गाडी ठरवून यात्रा-सहलीला नेण्याचा तो परवाना. आणि तिथूनच, मंडळी, आमचं ते लग्न सुरू झालं.

कर्नाटकने या पळवाटेवर घाव घालून पाहिला. आणीबाणीच्या काळात, जानेवारी १९७६ मध्ये, राज्याने अध्यादेश काढून खासगी कंत्राटी बस ताब्यात घेतल्या. उच्च न्यायालयाने कायदा रद्द केला, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. तरीही देशभरातली मागणी काही संपली नाही. बंगळुरूहून मुंबईला, इंदूरहून पुण्याला, हैदराबादहून नागपूरला माणसं रोज निघत होती. सरकारी गाड्या पुरत नव्हत्या. दोन राज्यांमध्ये किती गाड्या सोडायच्या हे करारांवर अवलंबून, आणि करारांचा वेग तुम्हाला माहीत आहे.

१ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा अमलात आला. या वेळी वारं उलट दिशेने वाहत होतं. परवाना मागणाऱ्याला शक्यतो नकार द्यायचा नाही, अशी नव्या कायद्याची वृत्ती. गंमत बघा. चाळीस वर्षं ज्या खासगी मालकांनी सरकारी मक्तेदारीविरुद्ध धंद्याचं स्वातंत्र्य मागितलं, त्यांच्यातलेच जुने परवानाधारक आता नव्यांना परवाने देऊ नका म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९१ च्या मिथिलेश गर्ग खटल्यात न्यायालयाने त्यांना परत पाठवलं. गाड्या वाढल्या तर प्रवाशाचा फायदा आहे, तुम्हाला तक्रारीचा हक्क नाही, असा त्याचा सूर होता. या लांबलचक गोष्टीत प्रवाशाचं नाव इतकं ठळकपणे घेतलेलं मला तरी पहिल्यांदा तिथे दिसलं.

आमच्या मध्य प्रदेशात चाक पूर्ण फिरलं. ज्याला आम्ही 'रोडवेज' म्हणायचो ते राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना मी सांगतो की आमच्याकडे एसटी नाही, तर त्यांना ते खरंच वाटत नाही. गावातल्या म्हातारीने सवलतीचं तिकीट कोणाकडे मागायचं? तोट्याच्या मार्गावर दुपारची फेरी कोण सोडणार? आजोबांची सर्व्हिस मोटार जणू परत आली, फक्त आता तिला एसी आहे.

आता ड्रायव्हरकडे येऊ. त्याला मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण इतिहासानेही त्याला शेवटीच ठेवलं.

त्या रात्री धुळ्याच्या अलीकडे गाडी चहाला थांबली. मी ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. चाळिशीचा माणूस. मी विचारलं, "भाऊ, किती वर्षं चालवताय?" ते म्हणाले, "क्लीनर होतो आठ वर्षं. उस्तादाने शिकवलं. रात्री रस्ता मोकळा असला की हातात स्टिअरिंग द्यायचा." म्हणजे लायसन यायच्या आधीच ते गाडी चालवत होते. लायसनच्या परीक्षेबद्दल विचारलं तर हसले. "मैदानात गाडी फिरवून दाखवली. झालं." मग मी विचारलं, दुसरा ड्रायव्हर कुठे आहे? त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मीच दुसरा." आदल्या रात्री ते पुण्याहून इंदूरला आले होते. दिवसा गाडीतच चार तास झोप झाली होती.

मला त्यांचं नाव आठवत नाही, चेहरा आठवतो. त्यांनी आम्हाला सुखरूप पोहोचवलं.

१९३९ च्या कायद्यातले ते ५ तास आणि ९ तास आठवा. १९६१ मध्ये मोटार वाहतूक कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, त्यात दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास आले. कागदावर ड्रायव्हरची झोप कायद्याने राखलेली आहे. पण नाक्यावर बघितलं जातं ते परवाना, कर, फिटनेस. माणूस किती तास जागा आहे हे कोणत्या कागदावर दिसणार? आणि त्याची कुशलता? बस चालवायला आधी हलक्या वाहनाचं लायसन निदान एक वर्ष हवं, असा नियम आहे. मध्यंतरी आठवी पास असण्याचीही अट होती. २०१९ मध्ये केंद्राने ती काढली. हरयाणातल्या मेवात भागातल्या तरुणांची रोजी या अटीने जाते, ही मागणी त्यामागे होती. मला तो निर्णय पटतो, कारण उस्तादाच्या हाताखाली शिकलेला माणूस अडाणी असतो असं नाही. फक्त शाळेची अट काढली तर गाडीची परीक्षा तितकी कडक व्हायला हवी. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची योजना आली आहे. ती बसच्या ड्रायव्हरपर्यंत किती पोहोचते, त्यावर तिचं मोल ठरेल.

याची किंमत काय असते, हे आपण पाहिलं आहे. ३० ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे बंगळुरूहून हैदराबादला निघालेली बस पालेमजवळ पेटली, ४५ माणसं गेली. १ जुलै २०२३ च्या रात्री नागपूरहून पुण्याला निघालेली बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ माणसं गेली. अशा प्रत्येक अपघातानंतर चार दिवस तपासणी मोहीम होते.

आणि इथे ते लग्न परत येतं. विमा कंपनीला भरपाई नाकारायला कायद्याने मोजकीच कारणं दिली आहेत. त्यातली दोन अशी : गाडी परवान्यात नसलेल्या कामासाठी वापरली गेली, किंवा चालवणाऱ्याकडे योग्य लायसन नव्हतं. पुष्कळदा न्यायालयं विमा कंपनीला सांगतात की आधी पीडिताला पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. लायसनच्या वादात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाट पक्की केली. पण त्यासाठी घरातला माणूस गमावलेल्या बाईला वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. नाक्यावर हसत हसत बोललेलं खोटं असं तिच्या समोर येऊन उभं राहतं.

गेल्या काही वर्षांत नियम बरेच बदलले. महाराष्ट्राने २०१८ मध्ये खासगी बसचं भाडं तशाच एसटी सेवेच्या दीडपटीच्या आत बांधलं. केंद्राने २०२१ मध्ये पर्यटक वाहनांना देशभर चालणारा परवाना ऑनलाइन देणं सुरू केलं. पण मूळ गाठ तशीच आहे. २०२३ मध्ये केरळात याच मुद्द्यावर एका बसमालकाचा आणि परिवहन खात्याचा संघर्ष गाजला : देशभराचा पर्यटक परवाना असला तर रोज ठरलेल्या मार्गावर, थांब्याथांब्यावर माणसं घेता येतात का? म्हणजे १९३९ चाच प्रश्न.

माझं म्हणणं साधं आहे. हा कायदा आधी रेल्वेला वाचवायला वापरला गेला, मग राज्याच्या बसला, मग धंद्याच्या स्पर्धेला. गाडी कोणाची, यावर शंभर वर्षं भांडण झालं. ती चालवणारा माणूस झोपला होता का, हे विचारायला कोणी निकडीने कोर्टात गेलं नाही. रात्रीच्या बसची गरज खरी आहे, तर तिला खऱ्या नावाने परवाना द्या. वेळ, थांबे, भाडं त्यावर लिहा. आणि दुसरा ड्रायव्हर गाडीत आहे की नाही हे तपासा. खोट्या वऱ्हाडाला कसलेच हक्क नसतात. खऱ्या प्रवाशाला असतात.

तोवर आपल्या हातात थोडं आहे. तिकीट काढताना लांबच्या गाडीला दोन ड्रायव्हर आहेत का, हे विचारा. गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपवर टाकून फिटनेस आणि विमा चालू आहे का बघा. आपत्कालीन दार कुठे आहे, ते बसल्या बसल्या पाहून ठेवा.

मध्य प्रदेशने १ जुलै २०२४ पासून परिवहनचे नाके बंद केले. सेंधव्याला आता त्या कारणासाठी गाडी थांबत नाही. गेल्या हिवाळ्यात मी त्याच रस्त्याने पुण्याला गेलो. घाट आला तेव्हा सगळे झोपले होते. मला त्या आजी आठवल्या. "कोणाच्या रे बाबा?" हा त्यांचा प्रश्न अजून उत्तराची वाट बघतोय. मी उठून पुढे केबिनपर्यंत गेलो. बाकावर दुसरा ड्रायव्हर पांघरूण घेऊन गाढ झोपला होता. मी परत येऊन झोपलो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.